अडीच छटाकाची गरी

गोंदिया, ३ नोव्हेंबर १९४६

बकारामदादा,

पायांवर डोके ठेवतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा ठेवतो आहे, तेव्हा तू पाय मागे घेशील हे धरूनच लिहायला बसलो.

हे पत्र शाळेचे मास्तर तुला वाचून दाखवतील. मास्तर, तुम्हालाही नमस्कार. तुम्ही वाचणार, रुख्मावहिनी चुलीपासून ऐकणार, आणि वहिनीने ऐकले की गावाने ऐकले. म्हणून मी फक्त कामाचे लिहितो. बाकीचे राहू दे.

परवा अर्जुनीचा टिकाराम दुकानात आला होता. रेल्वेच्या गँगमध्ये आहे तो. चाकू पाहून राहिला होता आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलून राहिला होता, "बकाराम ढीवराले लकवा मारला ना बाप्पा. एक बाजू गेली. जाळं फेकाचा हात होता गा थो!" मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला खिळे मोजत होतो, पण माझे कान तुला ठाऊकच आहेत. मी तिथूनच विचारले, "कोणता हात?" टिकाराम म्हणाला, "हात म्हणजे हात, शेठ. मी का पाहाले गेलो?"

तो गेला आणि मी खिळे पुन्हा पहिल्यापासून मोजले. तुझे जाळे डोळ्यांपुढे आले. अर्धे कोपरावर, अर्धे मुठीत, एक काठ दातांत. पाण्यावर पडताना आवाज एकच यायचा, मूठभर तांदूळ परातीत टाकावे तसा. दुसऱ्या कोणाच्या जाळ्याचा असा आवाज मी ऐकला नाही.

आता कामाचे. इथले रेल्वेचे मोठे साहेब विलायतेला जाऊन राहिले. बंगल्यातले सामान विकायला काढले आहे. लोक पलंग आणि आरसे न्यायला धावले, मी मासे धरायच्या सामानाची पेटी उचलली. जवानीत मी ह्याच साहेब लोकांच्या मागे छड्या वाहून हिंडलो आहे, तेव्हा ह्या मालाची पारख मला गोंदियात सगळ्यांपेक्षा बरी.

पेटीत तीन छड्या, म्हणजे आपल्या गऱ्याच, निघाल्या. पहिली चौदा फुटांची, तराजूत जवळजवळ शेर भरली. ती वैनगंगेतल्या मोठ्या धुडांसाठी. तिला दोन धड हात आणि मागे एक चपराशी लागतो. दुसरी पोलादी, आखूड, ताठ. मरळ ओढून काढील, पण लहान मासोळीचा ओठ कागदासारखा असतो, जरा झटका बसला की फाटतो. तिसरी साडेसहा फुटांची. बांबूच्या सहा पट्ट्या चिरून, चिकटवून, वरून रेशीम गुंडाळून केलेली. वजन अडीच छटाक, शेराचा सहावा हिस्साही नाही. शेंडा हलवला तर लव मुठीपर्यंत येते आणि सोडला की छडी लगेच सरळ. लहान मासोळीचा ओठही सांभाळील आणि मरळही थकवील, अशी ही एकच आहे.

दोर गुंडाळायच्या चकऱ्या दोन. एक ढोलकीसारखी. दोर सुटताना ती फिरत राहते, अंगठ्याने दाबली नाही तर दोराचे घरटे होते. दुसरीत रीळ फिरतच नाही, दोर वेटोळे सोडत आपोआप निघून जातो. ही दुसरी सोपी, पण तिचा दांडा डाव्या बाजूला बसवलेला आहे, म्हणजे गुंडाळायला डावा हात हवा.

म्हणून विचारतो, दादा. तुझा कोणता हात गेला? मास्तरांनी एका कार्डावर एकच शब्द लिहावा. डावा, नाही तर उजवा. जास्त काही लिहायची गरज नाही.

एके काळचा तुझा,
चैतराम

*

गोंदिया, २४ नोव्हेंबर १९४६

बकारामदादा,

कार्ड आले नाही. टपालवाला दुकानावरून जाताना मान हलवतो, आता मी विचारतही नाही.

कोणता का हात असेना, एका हाताने गरी टाकता येते की नाही हे तरी पाहावे म्हणून मी इथल्या तलावावर रोज जाऊन राहिलो आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी. उजवा हात गमछ्याने पोटाशी बांधतो. पहिल्या दिवशी गळ माझ्याच धोतरात. दुसऱ्या दिवशी एका म्हशीच्या शेपटीत. म्हैस गरीब होती म्हणून वाचलो, मालकीण गरीब नव्हती.

शेजारचा मुन्नालाल हलवाई घाटावर आंघोळीला येतो. मला पाहून म्हणाला, "क्यों शेठ, घरवाली ने बाँध के रखा है क्या?"

मी म्हणालो, "भावाचा हात कसा असेल, ते पाहून राहिलो."

तो हसायचा थांबला. "तुम्हारा भाई भी है?"

दादा, नऊ वर्षांची भिंतीला भिंत. माझ्या जावयाचे गाव, माझी दाढ कोणती दुखते, त्याला सगळे ठाऊक. तू मात्र नाही.

सहा दिवसांत एवढे कळले. फेकणे एका हाताने जमते. बोटावर दोर अडवायचा, छडी खांद्यामागे न्यायची, समोर आणताना बोट उचलायचे. कठीण आहे ते गुंडाळणे, कारण ज्या हाताने फेकायचे त्यानेच गुंडाळायचे, मग छडी धरायची कोणी? ती पोलादी छडी गुडघ्यांत धरून पाहिली. इतकी जड की गुडघे थरथरायला लागले. चौदा फुटीचे तर नावच नको. बांबूची हलकी तेवढी गुडघ्यात निमूट बसते. पण लकव्यात गुडघाही जातो, असे डॉक्टरबाबू कोणाला तरी सांगत होते ते मी ऐकले. त्याचा विचार करून राहिलो आहे.

चकऱ्या मी कानाने पारखल्या. ढोलकीवाली फिरवली तर आत वाळू दळल्यासारखा आवाज, कोणीतरी ती नदीत पाडलेली आहे. दुसरी साफ. तिला एक खटका आहे, तो लावून ठेवला की मासा दोर ओढू लागताच चकरी टिकटिक वाजते. बधिर हाताला मासा कळणार नाही, पण कानाला कळेल. हे मला फार आवडले.

आणखीही एक गोष्ट माझ्या कानावर आलेली आहे. तू जाळे लकव्याने सोडले नाहीस. जाळे नऊ वर्षांपासून खुंटीला आहे, तू दुसऱ्यांच्या धानात मजुरी करतोस, आणि पंचांत बसत नाहीस. तलावाच्या त्या लिलावानंतर लोक तुला काय म्हणतात, तेही मी ऐकले आहे. त्यावर काही लिहीत नाही. पत्र मास्तरांच्या हाती आहे.

फक्त एक शब्द, दादा. डावा की उजवा.

चैतराम

*

गोंदिया, १५ डिसेंबर १९४६

बकारामदादा,

शब्द मिळाला. तू दिला नाहीस, पण मिळाला. टिकाराम सांगत होता की वहिनी बाजारात कोणाला तरी म्हणाली, "डाव्या हातानं भात खातेत, तेवढंच नशीब." म्हणजे उजवा गेला. दादा, कोणाच्या अशा बातमीवर आनंद व्हावा हे वाईट आहे, पण मी दुकानात उभ्या उभ्या मांडीवर हात मारला. चकरीचा दांडा डावीकडे आहे ना!

तर टिकारामसोबत पाठवतो आहे. बांबूची हलकी गरी, दोन तुकड्यांत, एकात एक बसते. न फिरणाऱ्या रिळाची चकरी. तिच्यावर चाळीस हात रेशमी दोर. तो बारीक आहे, कमळाच्या देठांत शिरू देऊ नकोस. सहा गळ. साहेबाचा एक चहाचा चमचा कापून दोन पाती केली आहेत, पाण्यात ओढली की लहान मासोळीसारखी चमकतात. मरळ त्यावर धावून येते.

शिवाय एक खुंटी आहे. सागाची, मीच तासली. वरच्या बाजूला तिरके भोक पाडले आहे. ती तलावाच्या पाळीत, बांधावर, ठोकायची, गरी फेकून झाली की तिची मूठ त्या भोकात खोचायची आणि डाव्या हाताने निवांत गुंडाळायचे. गुडघ्याची गरज नाही. मी हात बांधून, एक पाय लांब करून, पाच दिवस तशाच पद्धतीने मासे धरले. मुन्नालाल म्हणतो, आता खोटा डोळाही लावून बस.

चकरीत एक खोड आहे, ती आधीच सांगून ठेवतो. आतला एक दात झिजला आहे. अकरा वेळा टिकटिक होते आणि बारावी गळते. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाही. तुझ्याही नाही. त्याने मासा सुटत नाही.

तू म्हणशील, तलावाचा ठेका दुसऱ्याचा. तर ती काळजी करू नकोस. विचारावे लागते ते जाळ्याला. गरीला कोण विचारतो? मी साहेबांच्या मागे गरी घेऊन किती तलाव हिंडलो. तलावांचे मालक, मालगुजार, स्वतः खुर्च्या पाठवायचे. गरी टाकून बसणाऱ्याला आजवर कोणी उठवलेले मी पाहिले नाही.

टाकून तर पाहा, दादा. मला कळवू नकोस हवे तर. टिकाराम तलावाच्या अंगाने येतो जातो, तो कोणाशी तरी बोलेल आणि मी ऐकेन.

चैतराम

*

१९ जानेवारी १९४७

चैतराम भाऊजी यांस,

लिहिणार मी मास्तर आहे. बाई सांगतात तसेच उतरवतो आहे. माझी भाषा त्यात घालायची नाही, अशी त्यांची ताकीद आहे.

भाऊजी, तुमची तिन्ही पत्रं वाचली. जवाब दिला नाही, कारण थे, तुमचे दादा, देऊ देत नव्हते. गरी आली तं तिच्याकडं पाठ करून बसले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी धान कांडून घरात आली तं गरी जोडलेली. एका हातानं कशी जोडली मले मालूम नाही. दातानं जोडली असंल.

पाळीवर खुंटी मीच ठोकली. पयल्या दिवशी गळ झाडात. दुसऱ्या दिवशी माह्या लुगड्यात. मी म्हटलं, मासे धरता का बायको? तं हासले. अर्ध्या तोंडानं, पण हासले. मंग चकरी वाजाले लागली. हातभर मरळ होती. मी मधात हात घालाले गेली तं मले कोपरानं ढकललं. आपणच काढली. घरी येऊन मले खुणेनं सांगितलं, तिखट कमी नोको टाकू.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी ठेकेदाराचा राखणदार आला. म्हणे, "तलाव केशोराव शेठचा. मासोळी काऊन धरून राहिला बे?" यायले तं बोलता येत नाही. मी म्हटलं, "जाळं नाही ना गा, गरी हाय." थो म्हणे, "गरी काय सायबाची हाय? तू मडमीण हायेस का?" गरी हिसकली. दोर यायच्या बोटाले गुतला होता, थो तोडला. बोट कापलं. मासोळी पाण्यात फेकून देल्ली. चार ढीवर पाहून राहिले होते, एक उठला नाही. एक जण म्हणे, "ज्यानं तलाव इकला, त्यालेच चोर म्हणाले. बरं झालं."

भाऊजी, तुमी शहाणे. सायबाइच्या मागं फिरलेले. कान एवढे तिखट. मंग एवढं काऊन नाही सुचलं, का सायबाले कोणी उठवत नव्हते, गरीले नाही?

यायनं तलाव इकला नाही. नऊ वर्सं मी याच माणसासंगं राहून राहिली, मले मालूम हाय. मंग कोणी इकला, असं इचारलं का थे पाण्याकडं पाहातेत. आताही इचारलं. आताही पाण्याकडंच पायलं.

खुंटी तेवढी पाळीवर राहिली. थे रोज तिच्यापाशी जाऊन बसतेत. खुंटीच्या भोकात बोट घालून बसतेत.

दुसरी गरी पाठवू नोका.

रुख्मा

*

गोंदिया, ९ फेब्रुवारी १९४७

बकारामदादा,

वहिनीचे पत्र येऊन आठ दिवस झाले होते. मी दुकानात पाठमोरा उभा राहून वरच्या फळीवरचे कंदील काढत होतो. मागे गिऱ्हाईक आले. गल्ल्यावर काहीतरी ठेवले आणि चाळा म्हणून फिरवू लागले. टिकटिक, टिकटिक. मी मोजले नाही. माझ्या कानांनीच मोजले. अकरा झाल्या आणि बारावी गळली.

मी वळलो. केशोराव शेठ.

"चैतराम, ये चीज देख. तलावावर एका लुळ्या बुढ्याकडून राखणदाराने धरली. आमच्या जावईबापूंना शौक आहे, त्यांना देतो म्हणतो. दोर तुटला आहे, चांगला घालून दे."

मी गरी हातात घेतली. अडीच छटाक. दादा, ती मला उचलवेना.

"कोण बुढ्ढा?" मी विचारले.

"काय मालूम. बोलता येत नाही त्याला. तुझ्या दुकानातली तर नाही ना ही?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. त्यांच्या मनात काही नव्हते. मला फक्त हो म्हणायचे होते. माझ्या दुकानातली, माझ्या भावाची, त्याच्या बोटाचे रक्त लागलेली. दुकानात तिघे जण उभे होते. मुन्नालाल दारात होता.

मी म्हणालो, "नाही शेठ. कोणा साहेबाची असेल."

आणि दोर घातला. चांगला घातला, दादा. हातांना वाईट काम येत नाही, तोंडाला येते. शेठ निघून गेले. जाताना रस्त्यातही फिरवत होते, बाजाराच्या टोकापर्यंत मला ऐकू येत होते.

मुन्नालाल दारातून हलला नाही. म्हणाला, "वो भाई वाली थी ना?" मी राहिलेले कंदील काढायला वळलो. त्या दिवसापासून तो घाटावर माझ्यापासून लांबच्या पायरीवर आंघोळ करून राहिला.

मास्तर, इथपर्यंत तुम्ही घरात वाचले असेल. आता थांबा. दादाला धरून पाळीवर न्या, त्या मोहाच्या झाडाखाली, जिथे ढीवरांची पंचाईत बसते. वहिनी, तुम्ही लोकांना बोलवा. तुम्हाला जमते. लोक बसले की मास्तर, इथून पुढे मोठ्याने वाचा.

पंचहो, मी चैतराम, बकारामचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी जेठ महिन्यात तुम्ही ह्याच झाडाखाली बसून तलावाची बोली ठरवली. दुसऱ्या दिवशी मालगुजाराकडे बंद चिठ्ठ्या द्यायच्या होत्या. तो आकडा पाच जणांनाच ठाऊक होता, आणि बकाराम तुमचा मुखिया. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा केशोराव शेठची तुमच्यापेक्षा थोडीशीच वर निघाली, आणि तुम्ही म्हणालात, मुखियाने विकले.

आकडा बकारामने दिला नाही. मी दिला. मी तिथून दूर जाळे शिवत बसलो होतो, इतक्या दूर की तुमच्यापैकी कोणी माझी पर्वा केली नाही. तुम्ही कुजबुजत होतात. मला सगळे ऐकू आले. पहाटेच्या गाडीने मी गोंदियाला गेलो आणि शेठला सांगितले. बदल्यात एक नवी छत्री आणि बाजारात बसायला जागा मिळाली. आज लोक म्हणतात, चैतराम स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. मी ऐकून घेतो.

बकारामला त्याच दिवशी कळले होते. गाडीवरून परत आलो तेव्हा तो ठेसनावर उभा होता. त्याने माझ्या हातातली नवी छत्री पाहिली आणि परत फिरला. त्यानंतर तुम्ही त्याला पंचांतून उठवलेत. एकदा माझे नाव घेतले असते तर सुटला असता. त्याने जाळे खुंटीला टांगले, पण नाव घेतले नाही. आता घ्यायचे म्हटले तरी त्याला बोलता येत नाही, म्हणून मी घेतो.

ह्या सांगण्याने तलाव तुम्हाला परत मिळत नाही, हे मला कळते. ठेका शेठचाच आहे, राखणदार उद्याही येईल. गरी जावईबापूंकडे गेली, ती मागायची माझ्यात हिंमत नाही. हिंमत असती तर मी पत्र लिहिले नसते, आलो असतो. मला माल पारखता येतो, दादा. कोणती छडी किती लवते, कोणती चकरी कुठे गळते, हे मी डोळे मिटून सांगतो. दोन महिने मी तुझ्यासाठी त्याचीच पारख करत बसलो, कारण तेवढेच मला येत होते. तुझा हात गेला म्हणून मी हलकी गरी शोधली. तुझा तलाव कोणी नेला, ते मला शोधायचे नव्हते.

पंचहो, एवढेच करा. बकाराम खुंटीपाशी बसतो, तिथे त्याच्याजवळ कोणीतरी जाऊन बसा. बोलू नका हवे तर.

बोली ठरली तेव्हा मी ह्या झाडापासून साठ हातांवर बसलो होतो, आणि तुम्ही कुजबुजत होतात, तरी मी एक अक्षर सोडले नाही. मास्तर, ऐकू आले नाही असे कोणी म्हटले, तर पुन्हा वाचा.

चैतराम